भंडारा लागलेला तारा

आमच्या वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळात शिरलं की उजव्या हाताला, ढोल टांगायच्या खुंटीच्या वर, माझ्या लेकीच्या ताऱ्याचा फोटो होता. मोठा, काचेच्या चौकटीत. काळ्या रंगावर पिवळा गोळा आणि त्याला चहूकडून किरणं. खाली अक्षरं होती, 'नव्या ताऱ्याचा शोध : प्रांजल नानासो टेंगले'. यात्रेत तो पालखीपुढं मिरवला तेव्हा लोकांनी मुठी भरभरून त्याच्यावर भंडारा उधळला. काच पुसायची नाही, असं हरिबा पुजाऱ्यानं सांगून ठेवलं होतं, म्हणून भंडारा तसाच चिकटून राहिला होता.

लेक पुण्याला एका मोठ्या संस्थेत आहे. आभाळाचा अभ्यास करते, एवढं जत तालुक्यातल्या आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना ठाऊक. "दुर्बिणीला डोळा लावून बसती का गं तुजी पोरगी?" असं बायका विचारायच्या, आणि मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. एकदा ती सुट्टीला आली तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "आये, दुर्बीण लांब परदेशात डोंगरावर हाय. मी ती बघितलीबी न्हाई. ती रोज आभाळाचं फोटो काढती. त्याच त्याच जागंचं, पुन्ना पुन्ना. आजच्या फोटोतनं आधीचा फोटो वजा केला की जे नवीन आसंल तेवढं उरतं. त्यात लय घाण असती. विमानं, उपग्रह, कॅमेऱ्याचं डाग. त्यातनं खरं काय ते मी निवडती."

मी सुपातला खडा काढून टाकला आणि म्हटलं, "म्हंजे माजंच काम की."

"व्हय. फक्त मला त्याच्यापायी पीएचडी करावी लागली."

दोघी लय हसलो.

तिचं सगळं शिक्षण आमच्या माघारीच झालं. दिवाळीनंतर आम्ही मेंढरं घेऊन कराडकडं, उंब्रजकडं चारणीला जायचो, तेव्हा ती जतला तिच्या मावशीकडं राहायची. पुढं सांगलीला कॉलेज, मग पुणं, मग काही वर्षं परदेश, मग परत पुणं. नोकरी मात्र पक्की कुठंच नाही. दोन-तीन वर्षांची नेमणूक मिळायची, ती संपत आली की पुन्हा अर्ज. मी मेंढरांच्या तळासारखंच समजून घेतलं. चारा संपला की वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, गुंडाळायची आणि पुढच्या रानात. पण मेंढराला कुणी विचारत नाही, तू कायम कुठं राहणार. तिला सगळे विचारायचे. पस्तिशी आली, लग्नाचं काय, नोकरीचं काय. ती हसून न्यायची. अलीकडं हसत नव्हती.

गेल्या साली संक्रांत झाल्यावर तिचा फोन आला. आवाजच वेगळा होता. आभाळाच्या एका तुकड्यात, जिथं आधी काही नव्हतं, तिथं एक ठिपका उमटला होता आणि हळूहळू उजळत होता. "लांबचा तारा फुटला की असं दिसतं, आये. मी सगळ्या शास्त्रज्ञांना कळवलंय. पयलं नाव माजं हाय. पर आण्णांना आत्ताच सांगू नगंस. दुसऱ्या दुर्बिणीनं बघितल्याबिगर ते खरं धरत न्हाईत."

पण फोन मोठ्यानं लावलेला होता. तिचे आण्णा, म्हणजे माझे मालक नानासो, शेजारीच मेंढीच्या खुरातला काटा काढत बसले होते. त्यांनी काटा अर्धाच काढला आणि उठले. ती मेंढी पुढं दोन दिवस लंगडत होती.

मालकांनी वस्तीवर सांगितलं, जतच्या बाजारात सांगितलं, माडग्याळच्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं. मी म्हटलं, "आवं, ती म्हणाली न्हवं, अजून नक्की व्हायचं हाय."

"व्हईल की. पोटात पोर हाय म्हटल्यावर कोण बाळंत हुईस्तवर दम धरतंय सांगायला?"

यात्रा कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब, आधी सरपंच होते. ते दुसऱ्याच दिवशी घरी आले. "नाना, आपल्यात कोण फौजदार झालं, कोण तलाठी झालं. आभाळात कोण गेलं न्हवतं गड्या. ह्या साली पालखीम्होरं तुज्या पोरीचा तारा न्यायचा. देवाला वाहायचा."

प्रांजलनं नको नको म्हणत वडिलांच्या फोनवर फोटो पाठवला होता. काळा चौकोन आणि मधे राखेच्या कणाएवढा पांढरा ठिपका. जतला फ्लेक्स छापणारा शिवतेज तो बघून म्हणाला, "काका, ह्यात दिसतंय काय? लोक म्हणतील प्रिंट बिघडली." मग त्यानंच ठिपका मोठा केला, पिवळा केला आणि किरणं लावली.

यात्रेला प्रांजल आली ती सरळ देवळाकडंच. फोटो बघून माझ्या कानात म्हणाली, "आये, ह्याला किरणं कुणी लावली?"

"शिवतेजनं."

तिनं तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरला. आधी हसू आलं होतं, मग ते गेलं. लालासाहेबांना ती म्हणाली, "काका, अजून नक्की झालेलं नाही." ते म्हणाले, "अगं, देवाच्या पायाशी ठेवलं की हुतंय नक्की." ढोल-कैताळाच्या आवाजात पुढचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. तिचा सत्कार झाला. नारळ, शाल. तिच्या वडिलांना फेटा बांधला होता तो सारखा डोळ्यांवर यायचा आणि ते तो वर सारायचे. ती त्यांच्याकडं बघत राहिली. माईक हातात दिला तेव्हा 'सगळ्यांचे आभार' एवढंच म्हणाली.

त्यानंतर बरेच दिवस तिचा फोन तुटक यायचा. जेवले, झोपले, काम आहे. मग उन्हाळ्यात, मेंढरं लोकर कातरायला धुऊन घेतली होती त्या आठवड्यात, ती न कळवता आली. मिरजेहून एसटीनं, एक पिशवी घेऊन. पाणीसुद्धा प्यायली नाही. वडिलांसमोर घोंगडीवर बसली आणि म्हणाली, "आण्णा, तो तारा न्हाई. डाग हाय."

मालक म्हणाले, "कसला डाग?"

"शेजारी एक मोठा तारा हाय. त्याचा उजेड कॅमेऱ्याच्या भिंगात आपटून माघारी फिरला आन भलतीकडंच ठिपका उमटला. अंधारातनं एसटी चालली की खिडकीच्या काचंत आतलाच दिवा बाहेर दिसतो न्हवं, तसं. दुर्बीण जरा तिरकी करून बघितली तर ठिपका सरकला. तारा आसता तर सरकला आसता का?"

मालक म्हणाले, "म्हंजे चूक मशिनीची."

"मशिनीची न्हाई, माजी. असलं डाग निवडून टाकायचं हेच माजं काम. नोकरी संपत आली हुती. पक्क्या जागंची मुलाखत हुती. मोठं कायतरी नावावर पायजे हुतं म्हणून मी घाई केली. आता माघार घेतलीय. नावानिशी लिहून दिलंय सगळ्यांना."

"मग मिटलं की. तिकडं सांगितलंस न्हवं? हितं कशाला सांगायचं? हितं कुणाला काय कळतंय?"

"तो फोटो देवळातनं काढा, आण्णा."

"देवाला वाह्यलेलं काढत्यात व्हय? खुळी का काय तू?"

तेव्हा तिनं मोबाईल काढून पुढं धरला. यात्रेचं छायाचित्र होतं. मधोमध मालक, फेटा डोळ्यांवर, हळदीनं माखलेले, तोंड उघडं, चांगभलं ओरडताना, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली ती चौकट. कुणीतरी ते फोनवर टाकलं होतं आणि फिरत फिरत तिच्या संस्थेत पोचलं होतं. खाली इंग्रजीत बारीक अक्षरं होती. मी म्हाताऱ्यांच्या वर्गात जाऊन मराठी वाचायला शिकले, इंग्रजी नाही. मालकांना तर तेवढंही येत नाही.

"काय लिवलंय?"

"पूजा झालेला पहिला डाग," ती म्हणाली. "सगळे हसत्यात."

मालकांनी फोटो पुन्हा नीट बघितला. "कुणाला हसत्यात? तुला का मला?"

तिनं मान खाली घातली आणि घोंगडीचा एक दोरा ओढत बसली. मला माझी लेक कळते. चूक केल्याची लाज तिला होतीच, पण ती लाज तिनं तिकडं निस्तरली होती. ही दुसरी होती. त्या हळदीनं माखलेल्या, उघड्या तोंडाच्या माणसाची तिला लाज वाटत होती, आणि तशी वाटते याचीही. मालकांनाही ते कळलं. त्यांनी मोबाईल तिच्या हातात दिला, टॉवेल घेऊन तोंड पुसलं, जणू भंडारा अजून तोंडाला आहे, आणि मेंढरांकडं निघून गेले. मी मागं राहिले. लेकीसाठी चहा ठेवला. दूध नासलं होतं. कोराच दिला.

सांजच्याला मालक परत आले ते हरिबा पुजाऱ्याला घेऊनच. हरिबा म्हणजे ऐंशीच्या पुढचे. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या हातात काय न्हाई. भंडारा लागलेली वस्तू देवाची. कौल लावाय पायजे. आन ज्यानं वाह्यली त्यानंच मागायची. मोठ्यानं, चारचौघांत, कशापायी मागतो ते सांगून."

"चारचौघांत कशाला?" मालक म्हणाले.

"वाहताना किती जण हुती?"

मग प्रांजल म्हणाली, "मामा, वडिलांच्या जागी मी मागितलं तर?"

"तू वाह्यलास का? तू नुसता नारळ घेतलास."

रविवारी सकाळी देवळात कौल लावायचा ठरला. मला वाटलं घरातले आणि दोन-चार म्हातारे असतील. पण टेंगल्यांचा तारा देव परत देणार का, हे ऐकून सगळी वस्ती लोटली. लालासाहेब आले. शिवतेज जतवरून मोटारसायकल घेऊन आला आणि मागं उभा राहिला. बायका भिंतीकडेला बसल्या. फोटो वर तसाच होता, किरणं लावलेला.

हरिबांनी कण्हेरीच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "सांग नाना," ते म्हणाले.

मालकांनी हात जोडले. घसा साफ केला. "देवा, ह्यो फोटू... हितं ऊन लागतंय. रंग उडतोय. तर म्हटलं घरी न्यावा."

देवळाला खिडकी नाही. मागं कोणीतरी फिसकन हसलं. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. वाट बघितली. हरिबा म्हणाले, "नाना, देवाला फसवतुयास व्हय? नीट सांग."

"सांगितलं की."

"उनाचं सांगितलंस. ऊन कुठाय?"

लालासाहेब म्हणाले, "काय भानगड हाय नाना? पोरीचा दुसरीकडं सत्कार हाय का? फोटू तिकडं न्यायचाय?" पुन्हा हसणं. प्रांजल माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात माझ्या हातात होता. ती उठायला लागली. मी तिला उठू दिलं नाही. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढंच वाटलं, की आता ती बोलली तर ह्या माणसाला पुन्हा बोलायची जागा राहणार नाही.

मालक देवाकडं बघत नव्हते. खाली फरशीकडं बघत होते. म्हणाले, "देवा, ह्यो तारा न्हाई."

मागचं हसणं थांबलं.

"डाग हाय. काचंतला उजेड. पोरीनं मला सांगितलं हुतं, अजून नक्की न्हाई, कुणाला सांगू नगा. म्या दम धरला न्हाई. बाजारात सांगितलं. हितं आणला. तुज्या म्होरं नाचलो. खोटी वस्तू तुला वाह्यली, आन लोकांकडनं तिच्यावर भंडारा टाकून घेतला. ती माघारी दे."

बोलून झालं तरी हात तसेच जोडलेले राहिले.

आता पाकळी पडायला हवी होती. पडली नाही. एवढं बोलल्यावर लगेच पडेल, असं मला मनातून वाटलं होतं. पाणी अजून वाळलं नव्हतं. पाकळ्या घट्ट बसल्या होत्या आणि सगळी वस्ती गप्प बसून देवाच्या खांद्यांकडं बघत होती. आणि खांद्यांकडं बघून डोळे थकले की मालकांकडं बघत होती. ते तसेच उभे. खोटी वस्तू, हा शब्द त्यांनी तोंडातून काढला होता, आणि आता त्या शब्दाबरोबर सगळ्यांच्या समोर उभं राहण्याशिवाय त्यांच्या हातात काही नव्हतं. कान लाल झाले होते. पायांची बोटं फरशीवर आखडत होती.

प्रांजलला ठाऊक होतं, पाणी वाळेल तेव्हा पाकळी पडेल. तिनं मला कानात तसं सांगितलंही असतं. पण ती हळूच उठली, या वेळी मी धरलं नाही. पुढं जाऊन वडिलांच्या शेजारी उभी राहिली आणि तिनंही हात जोडले. देवाला मानते का नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. शिवतेजनं तेवढ्यात मोबाईल वर धरला, पण लालासाहेबांनीच त्याला दटावलं, "ठेव की रं ते खाली."

बऱ्याच वेळानं उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली. कोणी चांगभलं म्हटलं नाही. हरिबांनी नुसतं "ने" म्हटलं. मालक खुंटीशी गेले, पण त्यांचा हात पुरेना. लावताना स्टूल होतं. लालासाहेबांनी पुढं होऊन चौकट काढून दिली. देताना म्हणाले, "नाना, पयलं सांगाय पायजे हुतंस गड्या. म्या पंचायत समितीत सांगून बसलोय." बोलणं हसण्यावारी नेल्यासारखं होतं, पण डोळे हसत नव्हते. त्यांनाही आता जाऊन सांगावं लागणार होतं.

लोक पांगले. देवळाच्या पायरीवर दोघी-तिघी आपसात बोलत होत्या. एक म्हणाली, "डाग सापडला म्हणून सत्कार घेतला बाई." मला ऐकू जावं एवढ्या आवाजातच म्हणाली.

घरी येऊन मालकांनी चौकट मागून उघडली, कागद काढून त्याची घडी घातली. भंडारा लागलेला म्हणून तो जाळायचा नाही, टाकायचा नाही, पाण्यात सोडायचा. पण उन्हाळ्यात आमच्याकडं पाणी टँकरनं येतं. म्हणून कणगीमागं ठेवला. पाऊस पडून ओढा वाहायला लागल्यावर मी तो नेऊन सोडला. मालक आले नाहीत.

प्रांजलची दुपारची गाडी होती. फाट्यावर आम्ही तिघं उभे होतो. सावली नव्हती. गाडीची वेळ झाली तेव्हा मालकांनी विचारलं, "तिकडं अजून हसत्यात का?"

"हसतील काय दिवस."

"हितंबी हसत्यात. जोडी झाली."

ती हसली नाही. म्हणाली, "आण्णा, तुमी विचारलं हुतं, कुणाला हसत्यात. मला तवा बोलाय आलं न्हाई."

"कळलं हुतं मला."

"ते कळलं हुतं म्हणूनच..." गाडी आली. तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, नेहमी लावते त्यापेक्षा जरा जास्त वेळ. कंडक्टर ओरडला, "ओ ताई, चढा की." ती चढली. खिडकीतनं हात केला नाही, आम्हीही केला नाही.

ती पक्की जागा तिला मिळाली नाही. पुन्हा दोन वर्षांची नेमणूक मिळाली आहे, तसलंच काम, डाग निवडायचं. म्हणते, आता एकेका ठिपक्यावर जास्त वेळ लावते, म्हणून मागं पडते. फोन करते. वडिलांशी बोलते. दोघंही मेंढरांचं बोलतात.

मालक पुढं बरेच दिवस जतच्या बाजाराला गेले नाहीत. मीच जायचे. एकदा मिरच्या घेताना, तोंडओळखीची एक बाई मापातलं बघत बघत म्हणाली, "तुमचीच न्हवं का ओ ती, तारा सापडलेली पोरगी? यात्रंत केवढा फोटू हुता."

होय म्हणून पुढं जाता आलं असतं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. माझे कान तापले. आजूबाजूला चार बायका होत्या, मिरचीवाला होता.

"माजीच," मी म्हटलं. "पर त्यो तारा न्हवता. डाग निघाला."

"आता गं बया," ती म्हणाली. मी पिशवी पुढं धरली. मिरचीवाल्यानं मिरच्या ओतल्या.